नाव ठेवणे आणि नावे ठेवणे



'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत मराठीत एका मात्रेचा फरक आहे. आपल्या वाडवडिलांच्या बाबतीत गावाने तेवढाही फरक ठेवला नव्हता. धोंड्या, दगड्या, कचऱ्या, भिक्या, उकिरड्या! बाळाला नाव ठेवतानाच नावे ठेवून लोक मोकळे होत.

कोणी म्हणेल, मुले जगत नसत, दृष्ट लागू नये म्हणून अशी नावे सगळ्याच जातींत ठेवत. खरे आहे. पुण्याचे महर्षी कर्वे हेही धोंडो केशवच. पण त्यांच्यातल्या धोंडोचा धोंडोपंत होई, पाटलाच्या दगडूचा दगडू पाटील होई. आमचा धोंड्या मात्र सत्तरीला टेकला तरी धोंड्याच, आणि हाक मारणारे वाड्यातले पोर दहा वर्षांचे! तेव्हा फरक नावात नव्हता, नावाच्या शेपटात होता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलदर्शक, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे तुच्छतादर्शक असावे असे सांगून ठेवले आहे. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड. तिथेच २५ डिसेंबर १९२७ रोजी या ग्रंथाचे दहन झाले.

भोर-वेल्ह्याच्या मुलखात १९४८ पर्यंत पंतसचिवांचे संस्थान होते. राजाच्या नावातच 'पंत' आणि 'सचिव'. खाली देशमुख, पाटील, कुलकर्णी, ज्याचे जे वतन तेच त्याचे नाव. महारकीही वतनच होती, पण ती बेगारीची. पाटलाला वतनाने मान दिला, महाराला मेलेले ढोर दिले. जुन्या कागदांत आपल्या पूर्वजांच्या नावापुढे 'नाक' आढळतो आणि बापाचे नाव 'बिन' लावून लिहिलेले असते. काही अभ्यासक हा शब्द 'नायक'शी जोडतात, काही 'नाग'शी. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा कोरेगावचा विजयस्तंभ पाहिला असेल तर त्यावर ही 'नाक' लावलेली नावे वाचली असतीलच. तिथे तो शब्द ताठ उभा आहे. गावात मात्र तोच शब्द ऐकला की जात विचारायची गरज उरत नसे.

सातारच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचे नाव लिहिले गेले, भिवा रामजी आंबेडकर. घराणे सकपाळांचे, गाव आंबडवे, आडनाव गावावरून आलेले. याच भिवाचे पुढे भीमराव झाले. हा 'राव' कोणा पंतसचिवाने बहाल केलेला नव्हता.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या पाळण्यातली नावे एका पिढीत बदलली. राहुल, सिद्धार्थ, गौतम, आनंद, मिलिंद, सुजाता, विशाखा, यशोधरा, संघमित्रा. मिलिंद म्हणजे भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारणारा ग्रीक राजा मिनँडर. ज्याच्या आजोबाला कोणी 'अहो' म्हटले नाही, त्या नातवाला राजाचे नाव! जन्मरास, अवकहडा, भटजीने सांगितलेले अक्षर, सगळे गेले. त्रिसरण-पंचशील घ्यावे, आईबापांनी आवडीचे नाव ठेवावे, झाला नामकरण विधी. अलीकडे मात्र आपलीच काही शिकलेली मंडळी 'अक्षर काय आले?' म्हणून पुन्हा पंचांगवाल्याचा उंबरा झिजवताना दिसतात. त्यांना काय म्हणावे?

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. पुण्यात भाड्याची खोली बघायला गेलेल्या आपल्या पोराला आधी नाव विचारतात, मग आडनाव. गावावरून 'कर' लावलेले आडनाव असले तर घरमालक चाचपडतो. मग 'मूळचे आडनाव काय?', 'देव कोणता?' अशी उलटतपासणी. म्हणून काही तरुण आईबाप मुलांची नावे मुद्दाम अशी ठेवतात की काहीच ओळखू येऊ नये. मी त्यांना दोष देणार नाही. खोली त्यांना हवी आहे, मला नको. पण ज्या मुलाला नाव लपवायला शिकवले, त्याला घरी तरी हे नाव का ठेवले ते सांगावे लागेल.

वस्त्यांचेही तेच. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. पाटी बदलायला एक दिवस लागतो. एस.टी.तून उतरणाऱ्याच्या तोंडचे जुने नाव जायला किती लागतील ते पाहायचे. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचे मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये ठरवले. हे नाव नवे नाही, भोर संस्थानातही राजगड तालुका होताच.

त्याच मार्च २०२४ मध्ये आणखी एक निर्णय झाला, त्याची चर्चा आपल्या घरांत व्हायला हवी. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांवर बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम सक्तीचा केला आहे. जिने नऊ महिने वाहिले तिला कागदावर जागा मिळाली.

आता कामाचे. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी. त्या वेळी नाव ठरले नसेल तर बारा महिन्यांच्या आत ते विनाशुल्क घालता येते, पुढे विलंब शुल्क भरावे लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासह अनेक ठिकाणी जन्मदाखलाच पुरावा म्हणून लागतो. तेव्हा ग्रामपंचायतीत नाव सांगताना कागदावर लिहून न्यावे आणि दाखला हातात पडताच तिथेच उभे राहून वाचावा. 'संघमित्रा'चे 'संगमित्रा' किंवा 'यशोधरा'चे 'यसोदा' होऊन बसले तर पुढे राजपत्रापर्यंत हेलपाटे घालावे लागतात. आणि घरात लाडाने 'राहुल्या' म्हणायला कोणाची ना नाही. आईच्या तोंडचा 'या' वेगळा, तो पोरांना बरोबर कळतो.