थरथर

‘जगात जर्मनी, देशात परभणी’ असे आम्ही परभणीकर कितीही छातीठोकपणे सांगत असलो, तरी माझी मोटार मात्र इटलीच्या कुळातली आहे. कूळ इटलीचे, जन्म कुर्ल्याचा. फियाट 1100 ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. 1974 साली तिची ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनेही 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्याचा निरोप घेतला. आमची पद्मिनी 1986 सालची. वडिलांनी ती जुनी म्हणून घेतली आणि नवी असल्यासारखी वापरली. तिचा गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या डाव्या अंगाला असतो. तो धरताना वडिलांचा हात कापू लागला, त्या दिवशी त्यांनी एक अक्षर न बोलता किल्ली माझ्यापुढे ठेवली. त्यांना कंपवात होता. पुढची सहा वर्षे ते गाडीत माझ्या शेजारी बसत आणि डावा हात उजव्या हाताने दाबून धरीत.

एवढे आधी सांगितले, कारण त्याशिवाय पुढचा माझा मूर्खपणा वाचकांना कळायचा नाही.

जुलैत एका सोमवारी जिंतूरच्या रस्त्याने कॉलेजला निघालो होतो. झरी मागे पडली, रस्ता जरा मोकळा मिळाला, आणि माझे हात थरथरू लागले. वेग कमी केला, थरथर थांबली. मंगळवारी पुन्हा तेच. गुरुवारी मात्र काही नाही. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. हिवतापाच्या पाळीसारखे पुढच्या सोमवारी पुन्हा हजर! दुसऱ्या कुणालाही प्रथम गाडीचा संशय आला असता. मला आला तो हाताचा. शेजारी बसलेल्या सौ.ला मी एकदा सहज विचारल्यासारखे विचारले, “गाडी हलतेय का ग?” ती म्हणाली, “नाही बाई, छान चाललीय की.” झाले! गाडी हलत नाही आणि हात हलतात, याचा दुसरा काय अर्थ लावायचा?

मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागलो. फळ्यावर लिहिल्यावर दोन पावले मागे सरून पाहू लागलो, की अनुस्वाराचे टिंब टिंबच राहिले आहे की त्याची रेघ झाली आहे. मुलांना वाटले, सर अक्षरावर खूश आहेत. डॉक्टरांकडे जावे, तर ते काय सांगतील याची भीती; गाडी दाखवावी, तर गाडी ठीक आहे असे ऐकण्याची भीती. दिवाळीला आईला गावाहून परभणीला आणायचे होते. सेहेचाळीसाव्या वर्षी, हात कापणाऱ्या मुलाने पंचाहत्तरीच्या आईला मागच्या सीटवर बसवून हमरस्त्याने आणावे का, या प्रश्नाने मला रात्री जाग येऊ लागली.

अखेर ऑगस्टात नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी मिस्त्रीकडे न्यावीच लागली. पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी हे दिव्य करावे लागते. मिस्त्रींनी वडिलांच्या वेळेपासून ही गाडी पाहिलेली. ते एक फेरी मारून आले आणि म्हणाले, “मास्तर, गाडीत काहीच नाही.” वार गुरुवार होता, पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानात येणार? माझ्या तोंडून निघून गेले, “मग हातच असेल.”

ते हसले नाहीत. नुसते विचारले, “कधी होतं?”

“कधी कधी.”

“कधी कधी म्हणजे कधी? तुम्ही मराठी शिकवता ना?”

बोलणे बरोबर होते. माझ्या हाताखालच्या पोरांनी ‘कधी कधी’ असे उत्तर लिहिले असते, तर मी लाल शाई वापरली असती. मग त्यांनी मला पाठ दिला. किती वेगाला होते ते पाहा. त्याच वेगात मोकळा रस्ता बघून गाडी न्यूट्रलवर सोडा. थरथर तशीच राहिली तर इंजिनाचा दोष नव्हे, फिरणाऱ्या चाकांकडे पाहायचे. ब्रेक दाबल्यावरच होत असेल तर ड्रम वाकडा झालेला असतो. स्टीअरिंग हलते की बूड हलते? स्टीअरिंग हलले तर पुढची चाके, सीट हलली तर मागची चाके किंवा प्रॉपेलर शाफ्ट. “आणि वहीत लिहा,” ते म्हणाले, “लक्षात ठेवू नका. लक्षात राहतं ते आपल्याला पाहिजे तसं राहतं.”

हे शेवटचे वाक्य मी पुढे वर्गात दोनदा वापरले. त्यांचे नाव न सांगता, हेही कबूल करतो.

तीन आठवडे वही लिहिली. थरथर फक्त पंचावन्न ते साठाच्या वेगात. न्यूट्रलवर तशीच. सीट शांत, स्टीअरिंग तेवढे हलते, म्हणजे सौ.ला कळायचे कारणच नव्हते. सोमवारी जोर, बुधवारी पुसट, गुरुवारी बंद. एक आठवडा मात्र अख्खा कोरा. त्या रविवारी काय झाले होते? पाऊस नव्हता, आणि आईकडे मी गेलोच नव्हतो.

तिसऱ्या सोमवारी संध्याकाळी वही घेऊन गेलो. मिस्त्रींनी ती उभ्यानेच वाचली, पुढचे डावे चाक जॅकवर उचलले, काढले आणि माझ्यासमोर उलटे धरले. रिमच्या आतल्या बाजूला तळहाताएवढे काळ्या मातीचे ढेकूळ चिकटलेले होते. भाजलेल्या विटेसारखे कडक. डांबरी रस्ता सोडून आईच्या घरापर्यंत जी दोन किलोमीटरची वाट आहे, ती आमच्याकडची खरी काळी जमीन. पावसात तिच्यातून चालणाऱ्याला चप्पल तिलाच वाहून यावे लागते. रविवारी ती चाकात बसे आणि तीन-चार दिवस वाळून, तडकून गळून पडे. गाडी मी दर सोमवारी सकाळी धूत होतो, पण बाहेरून!

एवढ्याशा मातीने एवढी मोटार हलते, हे मला खरे वाटेना. घरी येऊन भाच्याकडून हिशेब करून घेतला. साठाच्या वेगाला माझ्या गाडीचे चाक सेकंदाला सुमारे नऊ वेळा फिरते. रिमच्या कडेला एका बाजूला शंभर ग्रॅम माती असेल, तर दर फेरीला सुमारे पाच किलो वजनाइतका हिसका बसतो. वेग दुप्पट, तर हिसका चौपट. मग सत्तरला थरथर वाढायला हवी, ती कमी का होते? भाचा म्हणाला, “मामा, झोक्यासारखं.” नागपंचमीच्या झोक्याला नेमक्या वेळी बोटभर धक्का दिला तरी तो फांदीला भिडतो, घाईघाईने ढकलले तर जागीच अडखळतो. चाक आणि स्टीअरिंग यांचाही आपला एक झोका असतो. 1831 साली इंग्लंडात ब्रॉटन येथे सैनिकांच्या एका तालात पडणाऱ्या पावलांनी झुलता पूल कोसळला होता; तेव्हापासून पुलावर सैनिक पाऊल मोडून चालतात.

माती हे निमित्त. साथ होती झिजेची. टाय रॉडचा सांधा सैल झालेला निघाला. तो बदलला. नव्या गाडीत एवढ्या मातीने एवढे कापरे भरले नसते, असे मिस्त्री म्हणाले. सैल सांधा तसाच राहिला असता तर काय झाले असते, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

तरी मी डॉक्टरांकडे गेलो. गाडीची शंका फिटली म्हणून हाताची फिटत नाही. त्यांनीही पहिला प्रश्न तोच विचारला: “कधी?” मग हात मांडीवर सैल ठेवायला लावले आणि शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. हात गप्प पडून होते. गणितच अठ्ठ्याहत्तराच्या आसपास अडखळले. डॉक्टर म्हणाले, हा कंप बहुधा हात निवांत असताना येतो, सेकंदाला चार ते सहा वेळा, आणि हात कामाला लागला की कमी होतो. 1817 साली जेम्स पार्किन्सन नावाच्या लंडनच्या डॉक्टरने या रोगावर निबंध लिहिला, त्यातही हे निवांतपणातले कापणे आले आहे. स्टीअरिंग घट्ट धरल्यावर येणारी माझी थरथर त्यात बसत नव्हती. “आज काही नाही,” ते म्हणाले. त्यातल्या ‘आज’ या शब्दाशी मी थोडा वेळ अडखळलो. पण मराठीच्या मास्तराने डॉक्टरांच्या क्रियाविशेषणांवर वाद घालू नये.

धनत्रयोदशीला आईला घेऊन आलो. साठाच्या वेगाने. डिकीत आता एक खुरपे असते. डांबरी लागण्याआधी उतरायचे आणि चारी चाके आतून खरवडायची. आई खिडकीतून म्हणाली, “तुझ्या बाबांनी कधी असं केलं नाही रे.”

रात्री सौ.ला सगळे सांगितले. वाटले, हसेल. ती पणतीतली वात सारत म्हणाली, “कप दोन्ही हातांनी धरायला लागलात तेव्हाच माझ्या ध्यानात आलं. तुम्ही झोपलात की रोज तुमचे हात बघत बसायचे मी. कधी हलले नाहीत. म्हणून तर धीर होता.”

झोपेत तो कंप थांबतो, हेही डॉक्टरांनी सांगितले होते. ते मी तिला सांगितले नाही.