ब्रिटनच्या सहलीसाठी जाड जॅकेट घेऊ नका

दिवाळीच्या सुट्टीत ब्रिटनला जाणारी मंडळी मला दरवर्षी एकच प्रश्न विचारतात, "सर, जॅकेट कुठलं घेऊ?" आपला चॅनेल धंद्याचा, पण खरं सांगू का, हा प्रश्नही धंद्याचाच आहे. गल्ल्यातून थोडे थोडे बाजूला काढून माणूस एकदा फॉरेनला निघतो आणि घरातल्या चौघांसाठी चार जाड जॅकेटं उचलतो. परत आल्यावर ती चारही कपाटात डेड स्टॉक. पुण्यात, नाशकात ती घालणार कधी?

मी स्वतः ही चूक केलीये. पहिल्यांदा गेलो तेव्हा ऑक्टोबर होता. दुकानदाराने "लंडन म्हणजे बर्फ" असं सांगून दुलईसारखं जॅकेट गळ्यात मारलं. लंडनच्या भुयारी रेल्वेत, विशेषतः सेंट्रल लाइनवर, डबा आतून गरम असतो. तिथे मी घामाने भिजलो. मग विंडरमिअरला गेलो, तर पावसाने भिजलो, कारण ते जॅकेट उबदार होतं, वॉटरप्रूफ नव्हतं. आतला कापूस पाणी प्यायला आणि पुढचे दोन दिवस ते हॉटेलच्या खुर्चीवर वाळत पडलं. मी मात्र एका पातळ स्वेटरवर कुडकुडत फिरलो. पैसे गेले, बॅगेतली अर्धी जागा गेली, आणि गरज पडली तेव्हा माल उपयोगाला आला नाही.

आता तिथलं हवामान समजून घ्या. लंडनचा वर्षभराचा पाऊस साधारण ६०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या पुण्यापेक्षाही कमी! मग एवढी बोंब कशाची? तिथला पाऊस आपल्यासारखा कोसळून मोकळा होत नाही. सकाळी ऊन, अकराला भुरभुर, दुपारी वारा, चारला परत ऊन. अटलांटिकवरून कमी दाबाचे पट्टे एकामागून एक येत राहतात, आणि शरद ऋतूत त्यांचा जोर वाढतो. ऑक्टोबरात लंडनला दुपारी १५-१६ अंश आणि पहाटे ८-९ अंश असतं. एडिंबरा त्याहून दोन-तीन अंशांनी थंड, वर वारा. बर्फ वगैरे शहरात विसरा.

आणि सगळं ब्रिटन सारखं नाही. इथे आपलं सह्याद्रीचं गणित लावा. महाबळेश्वरला धो धो आणि खाली वाईला बेताचा, तसंच तिथे पश्चिमेचे डोंगर ढग अडवतात. लेक डिस्ट्रिक्टमधल्या सीथवेट गावात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ग्लासगोला एडिंबरापेक्षा बराच जास्त पडतो, आणि दोन्ही शहरांत ट्रेनने तासाभराचं अंतर. म्हणून आधी फिरायचा मार्ग ठरवा, मग बॅग. गिऱ्हाईक कोण हे न बघता माल भरल्यासारखं करू नका.

माझा हिशोब असा: अंगालगत एक पातळ थर्मल किंवा साधा टी-शर्ट, त्यावर फ्लीस किंवा आपला घरचाच लोकरी स्वेटर, आणि सगळ्यावर एक हलका, टोपीवाला, खरोखर वॉटरप्रूफ रेनकोट. 'खरोखर' म्हणतोय, कारण 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेला कपडा भुरभुरीत टिकतो, तासाभराच्या पावसात नाही. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का बघा. घरी शॉवरखाली घालून दहा मिनिटं उभे राहा. बायको हसेल, हसू द्या. पैसे खर्च करायचे तर या एकाच वस्तूवर करा, कारण हा रेनकोट इथे जूनपासून रोज वापरता येतो. थर चढवता-उतरवता येतात, जाड जॅकेट फक्त हातात धरून फिरवता येतं.

जीन्स एकच, तीही विमानात. ओली झाली की दिवसभर वाळत नाही. जाळीचे स्पोर्ट्स शूज पहिल्याच डबक्यात हार मानतात, तेव्हा बूट दोन जोड ठेवा. छत्री लंडनमध्ये ठीक, एडिंबऱ्याच्या वाऱ्यात ती उलटी होते. कानटोपी आणि मोजे बॅगेच्या तळाशी नको, हाताशी. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथे घड्याळं एक तास मागे जातात आणि पाचच्या आतच अंधार पडतो. त्यानंतरची सहल असेल तर गारठा लवकर सुरू होतो हे धरून चाला.

"सर, आणि कमी पडलं तर?" कमी पडू द्या की! प्रायमार्कमध्ये स्वेटर स्वस्तात मिळतो, आणि जवळजवळ प्रत्येक गावात चॅरिटी शॉप असतं, तिथे वापरलेले पण चांगले लोकरी कपडे मिळतात. गरजेआधी माल भरायचा नाही, एवढंच. हां, सोबत वयस्कर आई-वडील किंवा तान्हं बाळ असेल तर मी हट्ट धरणार नाही, त्यांच्यासाठी एक जास्तीचा गरम कपडा इथूनच न्या.

ज्यांना प्रवासाच्या कपड्यांचं छोटं दुकान टाकायचंय, त्यांनी नीट ऐका. गिऱ्हाईक 'लंडन' म्हणालं की जाड जॅकेट काढू नका. कुठल्या महिन्यात, कुठे कुठे, सोबत कोण, हे तीन प्रश्न विचारा आणि थर्मल, फ्लीस, रेनकोट असे तीन नग दाखवा. बिल कदाचित तेवढंच होईल, पण तो परत येऊन तुम्हाला शिव्या देणार नाही, मेव्हण्याला घेऊन येईल.

माझं ते जाड जॅकेट अजून माळ्यावर आहे. जानेवारीत कोणी मनालीला जाणार असेल तर बिनधास्त घेऊन जा, भाडं घेणार नाही.