तलवारीला धार कशासाठी?

दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी तलवार आणून ठेवणे फारसे शुभ नव्हे, हे मी जाणतो. परंतु आमच्या रत्नागिरीत मी ज्या घरांत जातो-येतो, त्यांतल्या पुष्कळांच्या दिवाणखान्यात अलीकडे भिंतीवर तलवार दिसू लागली आहे. पूर्वी त्या जागी काचेच्या पेटीतला ताजमहाल असे आणि त्याही पूर्वी घरच्या लेकीने भरलेला लोकरीचा पोपट असे. पोपटाची जागा तलवारीने घेतली याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती त्या तलवारीला धार लावून घेणाऱ्यांविरुद्ध. आणि या खटल्यातला पहिला आरोपी मी स्वतःच असल्यामुळे चार शब्द स्पष्ट बोलण्याचा मला अधिकार आहे, असे मी समजतो.

शिवजयंतीच्या सुमारास माझ्या बारा वर्षांच्या नातवाने तलवारीचा हट्ट धरला. नातवाचा हट्ट हे निमित्त. हौस माझीच होती. दुकानदाराने तलवार म्यानातून उपसून उन्हात धरली आणि म्हणाला, "आजोबा, ही नुसती शोभेची नाही हो, कामाची आहे. फक्त धार लावून घ्या." त्या 'फक्त' या शब्दावर मी भाळलो. कसले काम, हे मी विचारले नाही.

धार लावायला मी आमच्या नेहमीच्या लोहाराकडे गेलो. भातकापणीपूर्वी विळे आणि एरवी कोयते घेऊन आम्ही त्याच्याच दारात उभे असतो. त्याने तलवार हातात घेतली, पात्यावर नखाने टिचकी मारली आणि कान लावला. मग मूठ दोन हातांनी हलवून पाहिली. मूठ किंचित डुलली.

"आप्पा, हिनं कापायचं काय?" त्याने विचारले.

"कापायचं काही नाही रे. तलवार आहे, तिला धार नको?"

"कापायचं नाही, तर धार कशाला? आणि कापायचं असेल तर ही चालणार नाही. पातं मुठीच्या तोंडाशीच संपलंय. आत बोटाएवढी सळई जोडलीय नुसती. मी नाही लावणार धार."

मला राग आला. चाळीस वर्षे ज्याच्याकडून कोयते पाजळून घेतले, तो मला नाही म्हणतो! मी तडक दुसरीकडे गेलो. तिथे विजेवर फिरणारे चाक होते. पाच मिनिटे ठिणग्यांची फुलबाजी झाली आणि तलवार धारदार होऊन माझ्या हाती आली. धारेलगत एक निळसर पट्टा उमटला होता. मला तो शोभिवंत वाटला.

दसऱ्याला पूजा झाल्यावर मागील दारी परड्यात घड उतरवलेल्या केळीवर घाव घालून दाखवायचे ठरले. घरची सारी मंडळी पडवीत जमली. पहिल्या घावाला केळ अर्धी कापली गेली. टाळ्या पडल्या. दुसऱ्या घावाला मूठ माझ्या हातात राहिली आणि पाते गेले. ते गरगरत जाऊन चिऱ्याच्या गडग्यावर आपटले आणि तिथून उसळून तुळशीवृंदावनाच्या पायरीशी पडले. नातू तिथून दोन हातांवर उभा होता. सून काही बोलली नाही. तिने मुलाला उचलून आत नेले, एवढेच. त्या न बोलण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

असो. आता मुद्द्याकडे वळतो. कारण ही हकीकत मी ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांतल्या बहुतेकांनी "तुमची तलवार हलकी निघाली, चांगली घ्या" असाच सल्ला दिला. धार नको, असे एकही जण म्हणाला नाही.

पहिला आक्षेप असा की, धार नसलेली तलवार ही तलवारच नव्हे. हे म्हणणारांना आपलीच परंपरा ठाऊक नाही. आपल्या तालमींतून फरीगदका खेळत असत. हातात फरी म्हणजे लहानशी ढाल आणि गदका म्हणजे कातडे चढवलेली काठी. तलवारीचे हात बसवायचे ते त्या काठीवर. पवित्रा, तोल, मनगट आणि नजर तयार झाल्यावाचून पोलाद हाती देत नसत. आणि आपण मात्र शिक्षणाची सारी इयत्ता गाळून एकदम धारेला हात घालतो! धार लावणे हेही त्या काळी हातासरशी उरकायचे काम नव्हते. शिकलगार ही त्या कामासाठी वेगळी जातच होती. आजही ते आडनाव महाराष्ट्रात आहे. शिकलगार सहाणेवर, पाणी घालीत, सावकाश काम करी. कारण पोलादाला भट्टीत दिलेले पाणी घर्षणाच्या उष्णतेने उतरते, हे त्याला पक्के माहीत होते. साधे पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापले की निळे पडते आणि धारेचा कडकपणा जातो. ज्या निळ्या पट्ट्यावर मी खूष झालो, ती त्या धारेची मृत्युपत्रिका होती.

२०२५ साली महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार सुमारे ४७ लाख रुपयांना सोडवून आणली. ती फिरंग आहे. म्हणजे पाते युरोपात घडलेले आणि त्यावर सोन्याची देवनागरी अक्षरे. आपले पूर्वज परक्याचे पाते घेताना कमीपणा मानीत नसत. पोलाद उत्तम आहे की नाही, एवढेच पाहत. त्या तलवारीला आता पुन्हा धार लावा, असे कोणी शहाणा म्हणेल काय? तिची किंमत धारेत नाही. ती ज्या हातांत होती त्या हातांत आहे.

दुसरा आक्षेप अधिक आवेशाचा. इंग्रजांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा करून आम्हांला निःशस्त्र केले. आता स्वराज्यातही तेच काय? यातला पहिला भाग खरा आहे आणि त्याची चीड रास्तच होती. परंतु तो कायदा गेला. १९५९ सालचा शस्त्र कायदा आपल्या संसदेने केलेला आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची तलवार त्याच्या नियमांत शस्त्र म्हणून गणलेली आहे. ज्या भागासाठी तशी अधिसूचना असेल तिथे तिला परवाना लागतो. ज्याचा खेळण्यापलीकडे उपयोगच होत नाही आणि ज्याचे कामाच्या हत्यारात रूपांतरही करता येत नाही, त्यालाच कायदा सूट देतो. म्हणजे "अहो, बोथटच आहे" ही सबबसुद्धा पुरेशी नाही, मग धार लावल्यावर काय बोलायचे राहिले? तलवारीने वाढदिवसाचा केक कापला म्हणून गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. शिवाय १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली जिल्हादंडाधिकारी वेळोवेळी शस्त्रे घेऊन फिरण्यास मनाई करतात. विकत घेण्यापूर्वी पोलीस ठाण्यात जाऊन विचारण्यात कसला आला भित्रेपणा?

तिसरा आक्षेप महाराजांच्या नावाने येतो आणि त्यापुढे माणसे गप्प बसतात. मी गप्प बसणार नाही. कारण महाराजांचे एक पत्र आपल्याच जिल्ह्यातले आहे. चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या आपल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना ते १६७० च्या दशकात लिहिलेले आहे. त्यात त्यांनी रयतेला उपद्रव देऊ नका, असे तर बजावलेच आहे. पण आगट्या कुठेही पेटवू नका, रात्री दिवा जळत ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि पागा जळेल, इथवर विचार केला आहे. ज्या राजाने राज्य तलवारीने मिळवले, त्याला उंदराच्या तोंडातल्या वातीची काळजी होती! तो राजा माझ्या परड्यात आला असता तर त्याने तलवारीची धार आधी पाहिली असती, की पोर कुठे उभे आहे ते? महाराजांचे नाव घ्यायचे तर सगळे घ्यावे. आपल्याला सोयीचा तेवढा तुकडा घेऊ नये.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. तलवार घ्यायचीच असेल, तर चांगली घ्या आणि बोथट ठेवा. पाते आणि मुठीत शिरणारी त्याची शेपटी एकाच पोलादाची आहे ना, जोडलेली नाही ना, ते विचारा; दुकानदार सांगत नसेल तर उठा. जुन्या तलवारी किलोभराच्या आसपास असत. दीड-दोन किलोचे धूड हे अज्ञानाचे वजन असते. धारेची कड जाड आणि अणी गोल राहू द्या. आमच्या खाऱ्या हवेत पात्यावर तेलाचा हात फिरवा आणि कातडी म्यानात ते कायमचे कोंडू नका. कातडे ओल धरते. मुलांना हौस असेल तर आधी काठी द्या आणि काठी शिकवणारा माणूस शोधा. एवढे केल्यावर जी तलवार तुमच्या घरी नांदेल, ती भिंतीवरच्या धारदार पत्र्यापेक्षा शतपटीने खरी असेल.

घरात धार हवीच. ती विळीला असावी, विळ्याला असावी, कोयत्याला असावी. कोकणातल्या घरी खंडेनवमीला पूजेत ही हत्यारे मांडतात, कारण वर्षभर ती राबतात. धार ही कामाची मजुरी आहे. ज्याला काम नाही त्याला धार कशाला?

मोडलेले पाते घेऊन मी खाली मान घालून त्या जुन्या लोहाराकडे गेलो. म्हटले, निदान याचा एखादा कोयता तरी करून दे. त्याने तुकडा भट्टीजवळ नेला, उलटसुलट पाहिला, घणाखाली धरून एक ठोका दिला आणि भंगारात टाकला.

"आप्पा," तो म्हणाला, "याचा कोयतासुद्धा व्हायचा नाही."