कबूल कर, म्हणजे सोडतो

वर्गातून पैसे नाहीसे झाले की आम्ही शिक्षक काय करतो? दार लावून घेतो, दप्तरे उपसतो, ज्याच्यावर संशय त्याला उभे करतो आणि म्हणतो, "कबूल कर, म्हणजे सोडतो." काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः हेच केले. सहलीच्या पैशांचे पाकीट हरवले होते. एका मुलाने रडत रडत कबूल केले. दोन दिवसांनी पाकीट कपाटातल्या जुन्या हजेरीपुस्तकात मिळाले. मुलाला विचारले, "का रे कबूल केलेस?" म्हणाला, "सर, घरी जायचं होतं."

नववी-दहावीला मूलभूत हक्क शिकवताना हे वाक्य आम्हांस हटकून आठवते. संविधानाचे कलम २०(३) म्हणते की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही. कलम २२ म्हणते की अटकेची कारणे सांगा, वकील भेटू द्या, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करा. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम तर १८७२ च्या पुरावा कायद्यातला, म्हणजे इंग्रजांच्या काळचा. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी त्याच्या कलम २३ मध्ये हा नियम कायम आहे. घरी जाण्यासाठी माणूस काय वाटेल ते कबूल करतो, हे कायद्याला आमच्या कितीतरी आधी ठाऊक होते.

पालकसभेत हा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. सगळे हक्क गुन्हेगारालाच का? कसाबला वकील कशाला दिला? प्रश्नामागचा संताप आम्ही समजू शकतो. पण कलम २०, २१ आणि २२ मध्ये 'नागरिक' नव्हे, 'व्यक्ती' असा शब्द आहे. कसाबला वकील मिळाला, खटला उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्यात त्याला फाशी झाली. शिक्षा काही टळली नाही. याच खटल्यातले दुसरे दोन आरोपी, दोघेही भारतीय, मात्र पुराव्याअभावी सुटले आणि तो निकाल सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला. हे कोणी सांगत नाही. वकिलाविना सगळे उरकले असते, तर ते दोघेही कदाचित फासावर गेले असते.

आमचे शिक्षण हिंदीतून झाले. त्या भाषेत 'मुल्ज़िम' म्हणजे आरोप असलेला आणि 'मुजरिम' म्हणजे गुन्हा सिद्ध झालेला. सिनेमावाल्यांनी दोन्ही एक करून टाकले. मराठीतही 'आरोपी' आणि 'गुन्हेगार' यांत आपण फरक करत नाही, बातमी सांगताना तर नाहीच. १९७९ मध्ये हुसैनआरा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतले असे कैदी सर्वोच्च न्यायालयापुढे आले, जे गुन्हा सिद्ध होऊन मिळाली असती त्या शिक्षेहूनही अधिक काळ खटल्याविनाच आत होते. जलद सुनावणी हा कलम २१ चा भाग आहे, असे न्यायालयाने तेव्हा सांगितले. कैदी सगळे गरीब. जामिनाला पैसे कुठले?

तक्रारीची बाजूही खोटी नाही. ज्याच्या घरी चोरी झाली त्याला तारखांवर तारखा मिळतात, साक्षीदार फुटतात. पण तो दोष कलम २० चा नव्हे. तपास नीट झाला नाही, म्हणून राग हक्कांवर काढायचा, हे आम्हांस पटत नाही.

शाळेत आता संशय आला तर मुलाला वर्गासमोर उभे करत नाही. आधी पालकांना बोलावतो, मुलाचे म्हणणे ऐकतो, मग पुढचे. काही सहकाऱ्यांना हे लाड वाटतात, आणि पाकिटे अजूनही हरवतात.

त्या मुलाची क्षमा आम्ही ऑफिसात बोलावून मागितली होती. कबुली मात्र अख्ख्या वर्गासमोर घेतली होती.