आपला माणूस आणि गळके छप्पर



गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी जे घडले ते सांगताना थोडी लाज वाटते. पण त्यामुळे चार घरे सावध झाली तरी पुरे.

आमचे घर दोन खोल्यांचे, वडिलांच्या वेळचे, कवेलूंचे. दरवर्षी मृगाआधी कवेलू फेरायचे आणि माकडांनी फोडलेले बदलायचे, हा नेम. लाकूडफाट्याला वाळवी लागली, तेव्हा लोखंडी पाईप बसवून सिमेंटचे पत्रे टाकायचे ठरले. मिस्त्री विहारात येणारा, ओळखीचा. साहित्यासह ठोक ठेका दिला. आमच्या पत्नी म्हणाल्या, "काय ठरलं ते लिहून तरी घ्या." आम्ही हसलो आणि म्हणालो, "आपल्या माणसाकडून काय लिहून घ्यायचं?" दिवसभर कार्यालयात दुसऱ्यांची बिले तपासणारे आम्ही, घरच्या कामाची साधी पावतीही घेतली नाही. काम अर्धे असतानाच मिस्त्री म्हणाला, "भाऊ, मजुरांचे चुकारे करायचे आहेत." आम्ही सगळे पैसे देऊन मोकळे झालो.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. संध्याकाळी शेजारची दहा-बारा माणसे ग्रंथवाचनाला जमली. पावसाची मोठी सर आली आणि पहिला थेंब पडला तो उघड्या ग्रंथावर. आईने पदराने ग्रंथ झाकला. पत्नीने भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो उतरविला. मग पातेली आणि बादल्या मांडल्या गेल्या. कोणी काही बोलले नाही. पत्नीही बोलल्या नाहीत, हे आम्हाला जास्त लागले.

मिस्त्रीला निरोप धाडला. "येतो भाऊ, उघाड पडू द्या," असे उत्तर आले. उघाड पडली, पण मिस्त्री आला नाही. महिना गेला. आईची खाट तीनदा हलवावी लागली आणि तिला खोकला जडला. तक्रार करायची म्हटले की वस्तीतले लोक म्हणत, "आपल्याच माणसाला कोर्टात खेचणार?" आम्हीही गप्प बसलो आणि त्या गप्प बसण्याला मैत्रीभावना समजलो. ती मैत्री नव्हती, भीड होती. आमच्या भिडेची किंमत आई मोजत होती.

शेवटी दुसऱ्या एका जुन्या कारागिराला छपरावर चढविले. त्याने फळी टाकून, तिच्यावर पाय देत तपासणी केली, कारण असल्या पत्र्यावर थेट पाय दिला तर तो फुटून माणूस खाली येतो. त्याने दोष दाखविले ते असे. हूक-बोल्टची छिद्रे पत्र्याच्या लाटेच्या उंच भागावर पाडायची असतात. येथे ती काही ठिकाणी पाणी वाहते त्या खोल भागात होती. छिद्र ड्रिलने पाडायचे असते. येथे खिळा ठोकून पाडल्यामुळे चार पत्र्यांना तडे गेले होते. बोल्टखाली डांबरी वॉशर नव्हते. वरचा पत्रा खालच्या पत्र्यावर निदान सहा इंच चढायला हवा. येथे तो जेमतेम तीन इंच होता. दोष पावसाचा नव्हता, पत्र्याचाही नव्हता, हाताचा होता.

आम्ही फोटो काढले आणि दोषांची यादी करून मिस्त्रीला लेखी पत्र दिले: पंधरा दिवसांत दुरुस्ती करावी. तो दुसऱ्याच दिवशी हजर झाला, तोही रागात. "भाऊ, तुम्ही मला नोटीस दिली?" आम्ही म्हणालो, "वर चढून आधी पाहा, मग बोलू." तो उतरला तेव्हा राग गेला होता. पावसाआधी चार कामे अंगावर घेतली आणि आमचे छप्पर दोन नवख्या पोरांवर सोडले, हे त्याने कबूल केले. मग म्हणाला, "मागच्या साली दोन घरांनी माझे पैसे बुडवले. म्हणून मी आधी मागतो." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. मजुरी त्याची, चार पत्र्यांची किंमत त्याने दोन हप्त्यांत द्यायची, असे ठरले. ते कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. श्रावणातल्या उघाडीत काम झाले. त्यानंतर थेंब गळला नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. मजुराचा हक्क कोणाच्या दयेवर राहू नये, ही त्यांची दृष्टी. कागद हा अविश्वास नव्हे. कागद असता तर त्या मिस्त्रीचे पैसे बुडविणे इतके सोपे नव्हते आणि आमचे कामही बिघडले नसते. पंचशीलातले दुसरे शील दोघांनाही लागू आहे. न केलेल्या कामाचे दाम घेणे आणि केलेल्या कामाचे दाम न देणे, दोन्ही चोरीच. सम्यक आजीविका म्हणजे चांगला धंदा निवडणे एवढेच नव्हे, तो नीट करणे हेही आलेच.

म्हणून काम देताना लिहून घ्या: कोणता पत्रा, किती, कसा बसवायचा, एकूण रक्कम, हप्ते आणि दुरुस्तीची मुदत. थोडी रक्कम पहिला पाऊस होईपर्यंत राखून ठेवा. मात्र ती वेळेवर द्या.

समजुतीने भागले नाही, तर कायदा आहे. घरबांधणी ही 'सेवा' आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली मान्य केले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही; वकील लावलाच पाहिजे असेही नाही. पावती नसेल तर मोबाइलवरून दिलेल्या पैशांची नोंद, फोटो आणि लेखी पत्राची प्रत जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आणि हो, घरातली बाई "लिहून घ्या" म्हणाली तर हसू नका. आम्ही हसलो होतो.

जयभीम!