परीक्षा शाळेची, शिक्षा लेकराला

राज्यात पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा परत आली आहे. नापास झाले तर पुनर्परीक्षा, तिथेही अडले तर त्याच वर्गात. परीक्षेला आमचा विरोध नाही; आमच्या लेकरांना वाचता येते की नाही, हे कळलेच पाहिजे. प्रश्न आहे, नापास नेमके कोण?

शिक्षण हक्क कायदा २००९ चे कलम २४ सांगते: प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासा, गरज असेल तिथे जादा शिकवा. प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक, हेही त्याच कायद्यात आहे. हे न पाळणाऱ्या शासनाला कोणी मागे बसवत नाही. मागे बसते ते ऊसतोड मजुराचे पोर, आणि ते पुन्हा शाळेत येईल याची हमी कोणी देत नाही.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी दाखवले, की शाळेत आलेल्या १०० पैकी १८ मुलेच चौथी गाठतात. त्यांनी जाब मुलांना नाही, सरकारला विचारला.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. कार्यकर्त्यांनो, त्यांना सोबत घ्या आणि निकालाआधी विचारा: शिक्षकांची किती पदे रिकामी? जादा तास किती झाले?

जय भीम!