कांजिण्या हा आजार आहे, 'माता' नव्हे

गेल्या मार्चमध्ये एका दाव्याच्या कागदांसाठी आम्ही उत्तर नागपुरातील एका घरी गेलो होतो. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेबांचे फोटो, दारावर मात्र कडुनिंबाचे डहाळे. आत सात वर्षांचा मुलगा तापाने फणफणलेला, अंगभर पाण्याचे फोड. आजी म्हणाल्या, "माता आली जी, वकीलसाहेब. औषध देलं तं कोपते." त्याच खोलीत घरची सून बसली होती, सात महिन्यांची गरोदर.

आम्हाला धडकी भरली ती तिच्याकडे पाहून. कांजिण्या हा विषाणूचा आजार. तो श्वासावाटे आणि फोडांतल्या पाण्यातून पसरतो. पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून थेट सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत. लागण झाल्यावर १० ते २१ दिवसांनी तो दिसतो. धडधाकट लेकराला बहुधा आठवडाभर छळून सोडतो. पण मोठ्या माणसाला न्यूमोनिया होऊ शकतो, गरोदर बाईला त्याचा धोका जास्त. बाळंतपणाच्या तोंडावर आईला फोड आले तर नवजात बाळाच्या जिवावर बेतते. क्वचित मेंदूला सूज येते. बरे झाल्यावरही विषाणू मज्जातंतूंत दडून बसतो आणि उतारवयात नागीण होऊन बाहेर पडतो.

कोणत्याही देवदेवतेला न मानण्याची प्रतिज्ञा आमच्या आजा-आजींनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात घेतली. देव्हारे गेले, ही माता तेवढी मागच्या दाराने राहिली. ज्या रोगाला सारा महाराष्ट्र 'देवी' म्हणत होता, ती कोणाच्या नवसाने गेली? लसीने गेली. भारतात तिचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीमाईंनी रोग्यांना उचलून डॉक्टर यशवंतांच्या दवाखान्यात नेले आणि त्याच साथीत प्राण दिला.

आजींना आम्ही गुन्हेगार मानत नाही. रोग्याला वेगळे ठेवायचे, पाहुण्याला घरात घ्यायचे नाही, यात जुन्यांचे शहाणपण होतेच. एका खोलीच्या घरात वेगळे ठेवणार कुठे, हा प्रश्न त्यांना नव्हे, महानगरपालिकेला विचारायचा आहे. आणि लस? ती आहे, दोन मात्रांची. पण सरकारच्या मोफत लसीकरणात गोवराची लस मिळते, कांजिण्यांची नाही. खासगी दवाखान्यात एका मात्रेलाच रोजमजुराची कित्येक दिवसांची मजुरी जाते. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य, असे संविधानाचा अनुच्छेद ४७ सांगतो. लस श्रीमंताच्या लेकराला आणि कडुनिंब आमच्या लेकराला, हा कोणता न्याय?

त्या दिवशी आम्ही सुनेला ऑटोत बसवून सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का?" झाल्या होत्या, मामाच्या गावी. म्हणून ती निभावली. तसे नसते तर रक्त तपासून प्रतिपिंडांचे इंजेक्शन द्यावे लागले असते, आणि त्यालाही थोड्याच दिवसांची मुदत असते. मुलासाठी पॅरासिटामॉल मिळाले. ॲस्पिरिन अजिबात द्यायचे नाही, नखे कापायची, धाप लागली किंवा मूल गुंगीत गेले तर तडक घेऊन यायचे, असे बजावले.

परत आलो तेव्हा आजींनी दबकत विचारले, "आंघोळ घालू का जी त्याले?"

घाला म्हटले, कोमट पाण्याने.